चित्राचा काठ

१

रतनने एकेचाळीस वर्षे लोकांचे टीव्ही दुरुस्त केले. भांडुपच्या बाजारात एका जिन्याखाली चार फूट जागेत त्याचे दुकान होते आणि त्याच्या हाताला यश होते. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र पडद्यावर नेमके कधीच बसत नसे. एका बाजूला काळी पट्टी राही, नाहीतर कुठे काठ वाकडा दिसे, आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरच बोट ठेवी. त्यावर धंद्यात उपाय एकच होता. मागचे झाकण उघडायचे, प्लास्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने चित्र चारी बाजूंनी थोडे ताणायचे आणि काठ चौकटीच्या आड जाऊ द्यायचा. बोटभर चित्र कायमचे झाकले जाई. गिऱ्हाईक म्हणे, आता कसे भरलेले दिसते. त्या बोटभर चित्रात काय होते, हे कोणी विचारले नाही.

झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, एवढे ज्ञान या कामाने त्याला दिले होते. परंतु मनुष्य दुकानात शिकलेले घरी आणतोच असे नाही.

आता दुकान बंद होते. चढावरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर, एक खोली आणि आत स्वयंपाकघर एवढ्या जागेत तो एकटा राहत होता. सकाळी बुद्धविहारापर्यंत जाऊन येणे, दुपारी दोन पोळ्या, थोडी झोप आणि चार वाजता व्हिडिओ गेम. पासष्ट वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही, असे समोरचे भाऊ म्हणत. रतन ऐकून घेई आणि चार वाजता खुर्चीत बसे.

गेमचे ते यंत्र मुलीने, शीतलने, सोळा वर्षांपूर्वी पहिल्या नोकरीत घेतले होते. त्यातून स्वच्छ, रुंद, बारीक रेषांचे चित्र निघू शके. एचडी म्हणतात ते. पण घरात टीव्ही होता जुना. पिवळी, लाल, पांढरी अशी तीन टोकांची वायर लावून चित्र आणले की ते धूसर आणि चौकोनी होई. यंत्रात दाखवण्याची शक्ती पहिल्या दिवसापासून होती. पाहणारी पेटी नव्हती.

खेळ एकच होता. एका ओसाड वाड्यातून एक प्रवासी खोलीखोलीत दिवे लावीत जातो. प्रत्येक वेळी तो एकाच दालनातून निघे: समोर बंद दार, डावीकडे पायऱ्या, उजवीकडे दगडी खांब. खांबापाशी चित्र संपे. हे दालन रतनला स्वतःच्या खोलीपेक्षा अधिक पाठ होते.

२

त्याची बायको शांताबाई गेली, तेव्हा तो तिच्यापासून दोन हातांवर होता.

ती रोज त्याच्या उजवीकडे वेताच्या खुर्चीत बसे. मांडीवर सूप, सुपात भाजी. ती बोले आणि तो हुंकार देई. दुकान बंद झाल्यापासून हाच त्यांचा संसार. अडीच वर्षांपूर्वीच्या एका दुपारी ती काहीतरी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. रतनने पडद्यावरची नजर न काढता सांगितले, “थांब, एवढी खोली होऊ दे.”

खोली व्हायला वीस मिनिटे लागली. मग त्याने मान वळवली. मेथी अर्धी निवडलेली होती.

शीतल दहिसरहून धावत आली. तिचे आणि आईचे चार वर्षे बोलणे नव्हते. तिने मिहिरशी लग्न केले होते, आणि साखरपुड्यात मिहिरच्या घरच्यांनी शांताबाईला तिचे आडनाव दोनदा विचारले होते. शांताबाईने ते एकदाच सांगितले आणि त्यानंतर त्या घराची पायरी चढली नाही. दारात उभी राहून शीतलने बापाला एकच विचारले: आई माझ्याबद्दल काही बोलली का?

रतन म्हणाला, “बोलली. शीतलला सांगा, माझा राग गेला.”

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी विहारात माईक हातात घेऊन त्याने तेच वाक्य साठ माणसांपुढे पुन्हा उच्चारले. शीतल तेव्हा रडली, आणि त्या दिवसापासून माणसांत आली. दयेपोटी बोललेले खोटे हे सर्व खोट्यांत टिकाऊ. ते उकरून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी पंचशील म्हणताना रतनचा आवाज चौथ्या, खोटे न बोलण्याच्या शीलापाशी बसे. घसा खाकरून तो पाचवे म्हणे.

३

वैशाखाच्या आधी शीतलने नवा टीव्ही पाठवला. भिंतीवर लावायचा, चांगला चार हात रुंद. लावून देणारा कारागीर आला होता, पण रतनने त्याला चहा पाजून परत पाठवले आणि जोडणी स्वतः केली. रिमोटवर चित्राच्या आकाराची सोय सापडताच बोटांनी जुने काम आपसूक केले. चित्र थोडे ताणले, काठ आड गेला. मग त्याने गेमची तीच जुनी वायर लावली. नव्या वायरीला हात लावण्याचे त्याला कारण दिसले नाही.

त्याच दिवशी शीतलचा फोन आला. आईच्या नावे विहाराला पुस्तकांचे कपाट द्यायचे तिने ठरवले होते. वैशाखी पौर्णिमेला दान. कपाटावर पितळी पाटी, पाटीवर आईचे नाव आणि तिचे शेवटचे शब्द. “नेमके शब्द लागतील, बाबा,” ती म्हणाली. “एक अक्षर इकडचं तिकडं नको. विहारात लागायचंय ते. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येते, तेव्हा सांगा.”

रतन हो म्हणाला. आजवर ते खोटे वाऱ्यावर होते. आता ते पितळेत कोरले जाणार होते, आणि तेही जिथे रोज शंभर माणसे सत्याचे व्रत घेतात त्या भिंतीशी.

चार वाजले. त्याने खेळ लावला.

चौकोनी चित्र रुंद पडद्याच्या मध्यभागी उभे राहिले आणि दोन्ही बाजूंना दोन काळ्या पट्ट्या उरल्या. गुळगुळीत काळी काच. तिच्यात खोलीचे प्रतिबिंब पडत होते. डाव्या पट्टीत खिडकी दिसली. उजव्या पट्टीत वेताची खुर्ची दिसली, आणि खुर्चीत कोणीतरी बसलेले.

त्याने वळून पाहिले. खुर्ची रिकामी होती. पाठीवर टॉवेल वाळत घातला होता. टॉवेलच तो, असे त्याने स्वतःला सांगितले, उठून टॉवेल काढला आणि घडी करून ठेवला. पुन्हा पट्टीत पाहिले. बसलेले माणूस बसलेलेच होते.

मग त्याने खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली. खिडकीला चादर बांधली. एकेचाळीस वर्षे काचेशी काम केलेल्या माणसाला प्रतिबिंब कसे मोडावे हे शिकवावे लागत नाही. खोली अंधारली, खिडकी पट्टीतून गेली, भिंत गेली, खुर्चीही गेली. उजवीकडे तेवढी एक बसकी आकृती राहिली. तिचे हात मांडीशी सावकाश हलत होते. देठ मोडल्याचा तो बारीक आवाज त्याला ऐकू आल्यासारखा वाटला. तो टीव्हीतून येत नव्हता, कारण टीव्हीचा आवाज बंद होता.

४

दुसऱ्या दिवशी त्याने विचार केला आणि तो त्याला पटला. प्रतिबिंब काळ्या पट्टीत पडते. पट्टीच नसेल तर पडेल कुठे? यंत्राच्या खोक्यात सोळा वर्षे पिशवीतच राहिलेली एचडीची वायर होती. ती लावली आणि चित्र रुंद केले की दोन्ही पट्ट्या भरून जातील.

त्याने वायर जोडली. यंत्राने विचारले, चित्र केवढे हवे: सातशे वीस रेषा की एक हजार ऐंशी? त्याने लहान आकडा निवडला.

दालन उघडले. त्या रुंदीला तो क्षणभर भुलला. डावीकडच्या पायऱ्यांना कठडा होता, कठड्यावर वेल कोरलेली होती. सोळा वर्षांत त्याला ती माहीत नव्हती. काळ्या पट्ट्या गेल्या होत्या. उजवीकडे दगडी खांबापाशी आता चित्र संपत नव्हते. खांबापलीकडे आणखी भिंत होती आणि भिंतीला लागून दगडी कट्टा.

कट्ट्यावर बाई बसली होती.

ती त्याच्याकडे तोंड करून होती. इतक्या लांबून चेहरा उमटत नव्हता. मांडीशी हात हलत होते. मध्येच ते थांबले, मान वर झाली आणि तोंडाची काळी रेघ उघडली, मिटली.

रतनने खटका बंद केला. भिंतीवर तथागतांची तसबीर होती. तिच्यासमोर मेणबत्ती लावून दुपारी साडेचार वाजताच त्याने वंदना म्हटली.

५

दोन दिवसांनी त्याने भाऊंना बोलावले. भाऊ बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी माणसाकडे तिकीट काढले की नाही अशा नजरेने पाहत. त्यांना काही न सांगता रतनने नुसता खेळ लावला आणि चित्र कसे दिसते असे विचारले.

चित्र झकास असल्याचे भाऊंनी मान्य केले. मग उजवीकडे पाहत ते म्हणाले, “ही बाई काय करते रे? झोपली काय?”

त्याला वाटत होते की भाऊंना काही दिसणार नाही. काही दिसले नसते तर ते त्याच्या मनाचे दुखणे ठरले असते, आणि मनाच्या दुखण्याला औषध असते. त्याने विचारले, भाऊंना बाई दिसते का.

“दिसते म्हणजे? एवढा मोठा टीव्ही आहे, माशी बसली तरी दिसेल. गेम बनवणाऱ्यानं बसवली असेल कोपऱ्यात. तुझ्या जुन्या डबड्यात कापली जात होती, एवढंच.” भाऊ उठले. “बटणं दाबायला तुला बोटं आहेत, पोरीला फोन लावायला नाहीत. जा ना दहिसरला. किती वेळा बोलावते ती.”

भाऊंचे म्हणणे तर्काला धरून होते. खेळ परदेशात बनला. बनवणाऱ्यांनी कडेला एखादी म्हातारी बसवली असेल. जुन्या चौकोनी चित्रात ती बाहेर राहिली असेल. रतनने हा तर्क संध्याकाळपर्यंत घट्ट धरून ठेवला. परंतु परदेशातल्या वाड्यातली बाई मेथी कशी निवडील, याचे उत्तर त्या तर्कात नव्हते. आणि भाऊंनी विचारलेला प्रश्न कानातून जाईना. ती झोपली होती काय?

६

त्याने घड्याळ मांडीवर घेऊन पाहिले.

बाई भाजी निवडी. मान वर करी, काही बोले. मग थोडे थांबून पुन्हा बोले, या वेळी अधिक वेळ. मग वाट पाही. मग तिची मान हळूहळू छातीवर येई आणि हात सुटत. ती तशीच राही. वीस मिनिटे. त्यानंतर मान पुन्हा वर होई आणि हात भाजीला लागत.

त्याने हे चार दिवस पाहिले. एका मिनिटाचा फरक पडला नाही. खेळातला प्रवासी दालनात उभाच होता. एकही दिवा लागला नव्हता.

भीती तर होतीच. पण तिच्या तळाशी एक हाव होती, आणि ती भीतीहून वाईट होती. ते शब्द तिथे होते. जे त्याने ऐकले नाहीत, ज्यांच्या जागी त्याने स्वतःचे शब्द ठेवले, ते ती दर अर्ध्या तासाला पुन्हा बोलत होती. कदाचित ती खरेच म्हणाली असेल, राग गेला. तसे असेल तर खोटे हे खोटे राहणार नव्हते. पितळेला डाग लागणार नव्हता. माणूस पापातून सुटण्यासाठी पश्चात्ताप शोधत नाही. आधी तो योगायोग शोधतो.

शीतल यायची होती त्या रविवारी सकाळी त्याने मोठा आकडा निवडला. एक हजार ऐंशी.

चित्र एकदम जवळ आल्यासारखे झाले. साडी हिरवी होती. पदराच्या काठाला त्याच्या हातची टाचणी होती. दुकानातली, निळ्या डोक्याची. मान वर झाली. ओठ हलले, आणि पहिला शब्द त्याला कानांनी ऐकावा इतका स्पष्ट वाचता आला: “अहो.”

पुढचे वाचता येईना. ती चित्राच्या अगदी कडेला बसली होती. डावा डोळा, नाक आणि अर्धे तोंड पडद्यावर होते. उरलेले अर्धे टीव्हीच्या चौकटीच्या आड. तो पुढे सरकला. गाल काचेला टेकवून त्याने कडेच्या आत डोकावण्याचा प्रयत्न केला, आणि मग आपण काय करतो आहोत हे ध्यानात येऊन मागे झाला. ते अर्धे तोंड कोणी झाकले होते हे त्याला ठाऊक होते. टीव्ही लावला त्या दिवशी याच बोटांनी काठ आड केला होता. रिमोटचे एक बटण, आणि पूर्ण चित्र दिसले असते.

त्याने रिमोट हातात घेतला. तिची अर्धी नजर त्याच्यावर होती. तिच्यात राग नव्हता, दुःखही नव्हते. कोणी मान वळवील एवढीच वाट होती.

शब्द दुसरेच निघाले तर? ती शीतलबद्दल काही बोललीच नसेल तर? तिने नुसते पाणी मागितले असेल तर?

नऊ वाजले होते. त्याने एचडीची वायर उपसून काढली, जुनी तीन टोकांची वायर लावली आणि टीव्ही बंद करून ठेवला. रिकामी खुर्ची स्वयंपाकघरातून आणून जागेवर ठेवली. शीतलला खरे ते सांगायचे, असे त्याने तेव्हा मनाशी ठरवले. हा निश्चय प्रामाणिक होता. तो दोन तास टिकला.

७

शीतल अकराला आली. तिने डबा आणला होता, औषधे आणली होती. बाबा वाळले आहेत, खिडकीला चादर कशाला, असे बोलत तिने चादर सोडली, भांडी घासली आणि हात पुसत वेताच्या खुर्चीत बसली. दहिसरला कधी येता, हे तिने या वेळीही विचारले. रतन काहीसे पुटपुटला.

मग तिने मोबाइल काढला. पाटी कोरणारा आजच मजकूर मागत होता.

“सांगा, बाबा. सावकाश.”

रतनने उठून पाण्याचा पेला भरला. शीतलला वाटले, त्याला गहिवरून आले आहे. ती खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्हाला कधी बोलले नाही मी. मिहिरच्या आईनं काही टोचून बोललं ना, की मी बाथरूममध्ये जाते आणि आईचं तेवढं वाक्य मनात म्हणते. मग जमतं मला. बाहेर येते. ते वाक्य नसतं तर मी त्या घरात राहिलेच नसते.”

रतनने तिच्याकडे पाहिले. चाळिशीला आलेली बाई, केसांत पांढरी बट, बोटे मोबाइलवर थांबलेली. बाजूच्या काळ्या पडद्याकडे पाहण्याचे त्याने टाळले.

“शीतलला सांगा,” तो म्हणाला, “माझा राग गेला.”

“‘सांगा’ असंच म्हणाली? की ‘म्हणावं’?”

“सांगा. असंच म्हणाली.”

“आणि तुमच्याकडे बघून?”

“माझ्याकडे बघून.”

शीतलने अक्षरे टिपली, एकदा मोठ्याने वाचली आणि पाठवून दिली. मोबाइल वाजला. पाटीवाल्याला मजकूर मिळाला होता.

ती आता हलकी झाली होती. खोलीभर नजर फिरवताना तिला टीव्हीमागची वायर दिसली आणि ती हसली. “मी एवढा मोठा टीव्ही पाठवला, आणि तुम्ही ही पिवळी-लाल वायर लावलीत? चाळीस वर्षं टीव्हीवाले तुम्ही.”

“राहू दे,” रतन म्हणाला.

तिने ऐकले नाही. वायर बदलली, यंत्र लावले, रिमोट हाती घेऊन यादी उलगडली. “आणि कडा कापल्यात बघा चारी बाजूंनी. थांबा, पूर्ण चित्र करून देते.”

“शीतल, राहू दे म्हणतो ना.”

चित्र किंचित आत सरकले. काठ मोकळा झाला. दालन आता टोकापासून टोकापर्यंत उघडे होते: पायऱ्या, दार, खांब, भिंत, कट्टा. झाकलेले काही उरले नव्हते.

बाई कट्ट्यावर होती. तिने भिंतीकडे तोंड केले होते. हिरवी पाठ, अंबाड्याखालची मान, स्थिर कोपरे. देठ मोडल्याचा आवाज नव्हता.

शीतल दोन पावले पुढे झाली. “ही कोण? गेममधलीच ना?” तिचे हसू ओठांवर तसेच राहिले आणि डोळे भरून आले. “अगदी आई. माझ्यावर चिडली की अशीच बसायची ना, बाबा? भिंतीकडे तोंड करून. कितीही हाका मारा.”

कट्ट्यावरची पाठ ताठ होती. श्वासालाही ती हलत नव्हती.

शीतलने खुर्ची ओढून पडद्यासमोर घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

“ही इकडे तोंड कधी करते?” तिने विचारले.

सकाळी नऊ वाजेपर्यंत ती इकडेच पाहून बोलत होती, हे सांगण्यासाठी रतनने तोंड उघडले, आणि मिटले.